सरळ वाटांचं वारूळ

फार पूर्वी, एका शेताच्या बांधावर मुंग्यांचं वारूळ होतं. त्यातल्या वाटा इतक्या वाकड्यातिकड्या, की दाणा तळाशी पोचेस्तोवर दिवस मावळायचा. नवी म्होरकी चपळा हिने हंगामभर राबून त्या सरळ करून घेतल्या. म्हातारी सोशी तेवढी आपल्या खोलीची वाट मोडू देईना.

"मावशी, तुमच्यामुळे सगळ्यांचं काम अडतं," चपळा म्हणायची.

पुढे शेतातला पाट फुटला. सरळ वाटांनी पाणी थेट तळाशी गेलं. अंडी वाचली ती फक्त सोशीच्या खोलीतली; तिथल्या वळणांनी पाणी अडवलं होतं.

"मावशी, ही वळणं आखली कुणी होती?"

"कुणीच नाही, पोरी. दर वेळी पाट फुटला, की जिथं अंडी बुडाली तिथं उरलेल्या मुंग्या एक वळण घालायच्या."

चपळा गाळात उतरली. वळणं कुठं घालायची, ते आता तिला दिसत होतं.