अर्धवट बिळांचा उतार

एका डोंगराच्या उतारावर, उंच वाळक्या गवतात, एक सशीण आपल्या तीन पिलांना घेऊन राहत असे. बाळांनो, हिवाळाभर ते गवत म्हणजे मऊ घरच. पण होळी सरली की दरवर्षी त्या उतारावर वणवा चढायचा. त्याआधी मुरमाड जमिनीत खोल बीळ खणलं, तरच पिलं वाचणार होती.

सशीण मोठी नेमाची. सूर्याला नमस्कार करून तिनं संकल्प सोडला, "बीळ पुरं होईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही, इथून उठणार नाही." शेजारी एक म्हातारी घूस नातवंडांसाठी बीळ खणत होती. थोडी माती उकरायची, बाहेर टाकायची, दम खायची. ती म्हणाली, "अगं, अंगावर पिणारी लेकरं आहेत तुला. थोडं खण, चार काड्या खा, मग पुन्हा खण." सशीण हसली. "आजी, तुम्ही खणता की नखं साफ करता? माझं काम एका बैठकीचं!"

उन्हं कलली तशी तिला घेरी आली. नखं फुटली, मुरूम मात्र जेमतेम हलला. पिलं भुकेनं कुंईकुंई करू लागली, तेव्हा तिला उठावंच लागलं. पाणी पिताना ती रडली. सकाळी घूस म्हणाली, "काल सोडलंस तिथूनच पुढं खण की!"

"छे हो आजी! मोडलेल्या व्रताचा तो खड्डा. तो कसा चालेल? नवा संकल्प, नवी जागा."

असे किती संकल्प सुटले आणि मोडले! उतारभर अर्धवट खड्डे झाले. घुशीचं बीळ तेवढं वळण घेत आत आत गेलं.

आणि एका दुपारी खालून धूर आला. सशीण पिलाला तोंडात धरून या खड्ड्यातून त्या खड्ड्याकडे धावली. एकाही खड्ड्यात त्याची पाठ झाकेना. "इकडे आण!" घूस ओरडली. "आत दाटी झालीय गं, पण एखादं मावेल." सशिणीनं धाकट्याला आत ढकललं आणि ती उरलेल्या दोघांसाठी मागे वळली. तोवर मध्ये ज्वाला उभ्या होत्या. घुशीच्या बिळाच्या तोंडाशी अंग चोरून ती स्वतः कशीबशी वाचली.

राख निवल्यावर ती घुशीला म्हणाली, "आजी, माझं कुठं चुकलं हो? मी तर उपाससुद्धा केले."

घूस तिच्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "उपास देवाला पोचले असतील, बाई. पण हे सगळे खड्डे एकापुढे एक खणले असतेस, तर आज तिघंही आत असती."

काही दिवसांनी राखेतून हिरवे कोंब वर आले. सशिणीनं त्यातले चार खाल्ले, धाकट्याला पाजलं आणि ती आपल्या पहिल्याच खड्ड्यापाशी गेली. थोडी माती काढली. थांबली. त्या दिवशी तिनं कसलाच संकल्प सोडला नाही.

तात्पर्य : मोठं काम रोज झेपेल तेवढंच हाती घ्यावं, आणि मध्ये खंड पडला तर कालचं टाकून न देता तिथूनच पुढे जावं. मोडलेला नेम देव पदरात घेतो. वणवा मात्र कुणासाठी थांबत नाही.