पांढरी दोन, काळी दोन

शिष्यानं गुरूला तोंडावर बेसूर म्हटलेलं कधी ऐकलंय तुम्ही?

शिरीष हलगेकरनं म्हटलं. तेही गुरूच्याच घरी, गुरूच्याच सतरंजीवर बसून.

"मास्तर, तुमचा सूर उतरलाय. सगळ्यांचाच उतरलाय."

नागेशमास्तरांचा हात तबल्यावर थांबला. टेबलावर विजेचा पियानो मांडून बसलेल्या कॅमिलनं मान वळवून पाहिलं. गिटारवाले किल्लेदार उगाचच तारा पुसू लागले.



मास्तरांचं घर बेळगावात, शहापूरच्या एका बोळात. दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या संगीत महोत्सवात 'तिकटी' वाजणार होती, आणि आज दुपारी तिची पहिली आणि शेवटची तालीम होती.

तीन रस्ते मिळतात त्या जागेला आपल्याकडे तिकटी म्हणतात. तबला, बासरी, पियानो आणि गिटार घेऊन ही चार माणसं तरुणपणी एकत्र बसली आणि त्यांनी स्वतःला हे नाव दिलं. रस्ते तीन आणि माणसं चार, म्हणून लोक चेष्टा करायचे. त्यावर किल्लेदार म्हणायचे, मी नाक्यावर चहा पीत बसलेला. ते जे वाजवायचे त्याला जॅझ फ्युजन म्हणतात, हे गावाला फार उशिरा कळलं. तोवर त्यांची कॅसेट घराघरांत वाजून झिजली होती.

मग कॅमिल बोटीवर वाजवायला गेला. किल्लेदारांची बँकेतून पुण्याला बदली झाली. भांडण असं कधी झालं नाही. रस्ते आपापल्या दिशेनं गेले, एवढंच. पुढे बासरीवाले प्रभाकर लाड वारले.

आता इतक्या वर्षांनी उरलेले तिघे जमले होते. महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता. लोक माळ्यावरच्या ट्रंका उघडून जुन्या कॅसेटी शोधत होते, टेप बंद पडलेला असला तरी कॅसेट हातात घेऊन उलटसुलट बघत होते.

लाडांच्या जागी शिरीष बसणार होता.

"कुठं उतरलाय?" मास्तरांनी विचारलं.

"'चोर्ला' काळी दोनमध्ये आहे. तुम्ही पांढरी दोनमध्ये वाजवताय. अर्धा सूर खाली. आणि लयसुद्धा बसलीय."

'चोर्ला' हा त्यांचा सगळ्यांत गाजलेला तुकडा. गोव्याला उतरणाऱ्या घाटाचं नाव दिलेला. पेटीवर पांढरी दोन आणि काळी दोन ह्या अगदी लागून असलेल्या पट्ट्या, पण शेजार असला तरी घर वेगळं.

"वयानं होतं असं," शिरीष म्हणाला. त्याला ते हळुवार म्हणायचं होतं. तसं ते निघालं नाही.

"ऐकलंस, नागेश?" कॅमिल म्हणाला. "आमचं वय झालं. मडगावच्या बसमध्ये कोणी सांगितलं नाही मला."

"कॅमिलबाब, मी चेष्टा करत नाही. कॅसेटवरून स्वर न् स्वर बसवलाय मी. ही बासरी मुद्दाम त्या सुराची करून घेतलीय. लाडांचा श्वास कुठं तुटतो, तेही पाठ आहे मला."

ते खोटं नव्हतं. वाजवताना तो लाडांसारखा मान तिरपी करायचा, आणि लाडांना तर त्यानं कधी पाहिलंही नव्हतं.

"सुरुवातीला मास्तर मोजतात, तेसुद्धा पाठ आहे. एक, दोन, तीन, चार." तो मास्तरांकडे वळला. "किती बारीक आवाज होता तुमचा तेव्हा. अगदी पोरसवदा."

कॅमिलची बोटं पट्ट्यांवरून उचलली गेली.

"ह्याचा आवाज? बारीक?" तो हसायला लागला. "पुता, हा तरुणपणी बोळात बोलला तर शेजारची म्हैस दावं तोडायची."

मास्तर हसले नाहीत.

"कॅसेट कशावर ऐकायचास?"

"घरच्या टेपवर. मामानं मस्कतहून आणलेला."

"दुसऱ्या कशावर ऐकलंस कधी?"

"नाही. त्यातच अडकून बसलीय ती. निघतच..."

शिरीष थांबला. त्यानं हातातल्या बासरीकडे पाहिलं, मग मास्तरांच्या तोंडाकडे.

"टेप धावरा होता तुझा," मास्तर म्हणाले. "नेमापेक्षा जोरात फिरायचा. टेप जोरात फिरला की लय वाढते आणि सूर चढतो. माणसाचा आवाजही बारीक होतो."

...

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्यांदा इथं येऊन एकटा वाजवलंस, तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या तोंडाकडे बघितलं, आणि सांगवलं नाही."

बोळातून भांडीवाली ओरडत गेली. ती लांब जाईपर्यंत शिरीष बासरीची भोकं चाचपत राहिला.

"वडील लावायचे ती कॅसेट," तो शेवटी म्हणाला. "रविवारी दुपारी."

त्याचे वडील अबोल होते. पोस्टातून यायचे, जेवायचे, पेपर घेऊन बसायचे. मुलाला जवळ घेणं वगैरे त्यांना जमायचं नाही. पण रविवारी 'चोर्ला' सुरू झालं की शेजारी बसलेल्या शिरीषच्या गुडघ्यावर ते दोन बोटांनी ताल धरायचे. तेवढाच काय तो त्यांचा स्पर्श. तुकडा संपला की म्हणायचे, हे लोक पुन्हा एकत्र वाजवतील बघ. दर रविवारी म्हणायचे. ते गेले तोवर काही ते लोक जमले नव्हते.

हे सगळं शिरीषनं एका दमात सांगितलं नाही. अडखळत सांगितलं, सतरंजीचा दोरा ओढत.

"म्हणून मला काळी दोनच हवी," तो म्हणाला. "चूक तर चूक. नाहीतर उद्या मी बसत नाही, तुम्ही दुसरा कोणी बघा."

"अरे बाबा, उद्या सकाळी कार्यक्रम आहे," किल्लेदार म्हणाले. "आता कोण मिळणार?"

मास्तरांनी त्यांना हातानं थांबवलं.

"शिरीष, उद्या मांडवात जेवढे बसतील, तेवढ्यांच्या घरचे टेप वेगळे होते. कुणाचा धावरा, कुणाचा मंद. कुणाकुणाला सूर लावून देऊ मी?"

"दुसऱ्यांचं मला माहीत नाही. मला माझ्या घरचा हवा."



मास्तरांनी शेजारची हातोडी उचलली.

ठक. ठक.

लाकडी गट्टे एकेक करून खाली बसू लागले. तबल्याची वादी ताणली गेली. सूर चढू लागला, तशी चामड्याची जुनी पुडी कुरकुरली.

"नागेश, फाटेल ती."

"फाटू दे. तुला जमेल ना वर?"

"मला काय," कॅमिल म्हणाला. "बोटीवर एक बाई गायची. तिचा सूर समुद्र ठरवायचा. रोज तिच्यामागे पळायचो मी." आणि त्यानं हात काळ्या पट्ट्यांकडे नेले.

किल्लेदारांनी नाइलाजानं गिटारीच्या मानेवर सूर चढवायचा चाप लावला.

"लयही धावरी घ्या," मास्तर म्हणाले. "त्याच्या घरी होती तशी."

मग त्यांनी घसा खाकरला, आणि आपला भरदार आवाज मुद्दाम बारीक, पोरसवदा करून मोजलं, "एक, दोन, तीन, चार."

कुणी हसलं नाही.

'चोर्ला' सुरू झालं.

शिरीषनं डोळे मिटले. पहिलं वळण आलं, दुसरं आलं. जिथं लाडांचा श्वास तुटायचा तिथं त्याचा तुटला. पियानो घाटातल्या पाण्यासारखा बाजूनं उतरत आला, तबला त्याच्याआधी पुढच्या वळणावर जाऊन उभा राहिला. सूर तोच. लय तीच. एक मात्रा इकडची तिकडे नाही. मिटल्या डोळ्यांसमोर घरची खिडकी आली, खिडकीतलं पिवळं ऊन आलं, खुंटीवरचा खाकी शर्टही आला.

त्यानं वाट पाहिली.

गुडघा मोकळाच राहिला.

तुकडा संपला. मास्तरांना धाप लागली होती. उजवं मनगट डाव्या हातात धरून ते दाबत बसले. कपाळावरून ओघळलेला घाम त्यांनी पुसलासुद्धा नाही.

"झालं तसं?"

"अगदी तसं."

"आले?"

कोण, असं शिरीषनं विचारलं नाही. तो खिडकीकडे बघत राहिला...

"नाही," तो म्हणाला.

मास्तरांनी पुन्हा हातोडी घेतली. आता गट्टे उलट्या बाजूनं ठोकत, मधूनमधून कडेच्या चाटेवर बोट मारून ऐकत, त्यांनी तबला खाली आणला. पुडीचा ताण उतरला. कॅमिलनं पांढरी दोन दाबून धरली. तबला तिच्यात मिसळला.

शिरीषनं हातातली बासरी फडक्यात गुंडाळली. पिशवीतून दुसरी, पांढरी दोनची काढली, लांब, जरा जाड. तिचं तोंड धोतराच्या जुन्या तुकड्यानं पुसलं. डोळेही त्याच तुकड्यानं पुसले.

"आता काय करायचं, मास्तर?"

"इतका वेळ आपण वाट बघत होतो," मास्तर म्हणाले. "आता वाजवू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी 'तिकटी'नं महोत्सवात 'चोर्ला' पांढरी दोनमध्ये वाजवलं. मांडवात शिरीषची आई बसली होती. रिक्षातून घरी जाताना ती म्हणाली, "आपल्या टेपवर वाजायचं ना, अगदी तस्संच."