पांढऱ्या सदऱ्याचा कप

एकदा एका शहरातल्या सामायिक कार्यशाळेत एक वृद्ध कारागीर आपल्या शिष्येला कपांवर चित्रे छापण्याची विद्या शिकवीत होता. ती कार्यशाळा कुणा एकाच्या मालकीची नव्हती. वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून यंत्रे आणली होती, आणि ज्याला जे बनवायचे असेल ते त्याने तिथे येऊन बनवावे अशी रीत होती. वृद्धाला सगळे आबा म्हणत.

विद्या तशी सोपी. विशेष शाईने चित्र कागदावर उलटे छापायचे, तो कागद कपाला घट्ट चिकटवायचा आणि कप तापलेल्या यंत्रात दाबून ठेवायचा. उष्णतेने शाईची वाफ होते, ती कपाच्या लेपात शिरते आणि कायमची तिथे राहते. मग कितीही घासले तरी चित्र जात नाही. चूक झाली तर तीही जात नाही, आणि शिष्येची झोप याच विचाराने उडालेली असे. मुलगी हुशार होती, पण यंत्राची शिट्टी वाजली तरी दचके.

एके दिवशी दुपारी लाँड्री चालवणाऱ्या एक मावशी आल्या. संध्याकाळी त्यांच्या यजमानांची पंचाहत्तरी होती. त्यांनी फोनमधला फोटो दाखवला. लाँड्रीच्या निळ्या भिंतीपुढे, कपडे वाळत घातलेल्या दोरीखाली, पांढरा सदरा आणि पांढरी टोपी घातलेले आजोबा उभे होते.

"हेच कपावर काढून दे," मावशी म्हणाल्या. "सकाळी चहा पिताना स्वतःचं तोंड बघतील, मग तरी दाढी वेळेवर करतील."

शिष्येने चित्र संगणकावर घेतले. भिंत, दोरी, मागची कपड्यांची गाठोडी ही तिला अडगळ वाटली. ती तिने नीट कापून काढली. पण आता पांढऱ्यावर पांढरा सदरा दिसेचना. वर चेहरा, खाली दोन हात, मध्ये काहीच नाही. घाईघाईने तिने सदऱ्यात फिकट करडा रंग भरला, टोपीत भरला, पुन्हा थोडा भरला, आणि कप छापून मावशींच्या हातात दिला.

मावशींनी कप फिरवून पाहिला.

"चेहरा झकास आलाय गं," त्या म्हणाल्या. "पण इतके मळके हे कधीच नव्हते. गल्लीभर लोकांचे कपडे आम्ही धुतो, आणि ह्यांच्या अंगावर हा सदरा? पाहुणे काय म्हणतील? राहू दे. मी आपली मिठाई घेऊन जाते."

शिष्येचा चेहरा उतरला. कोरा पांढरा कप आता एकच उरला होता. ती कपाटातल्या बाटल्या धुंडाळू लागली.

"आबा, पांढरी शाई कुठे ठेवलीय?"

"आपल्याकडे नाही."

"मग मी पळत जाऊन बाजारातून आणते."

"बाजारातही मिळायची नाही. या कामात पांढरी शाई नसतेच, पोरी."

एवढे बोलून आबा संगणकापुढे बसले. शिष्येने भरलेला करडा रंग त्यांनी पुसून टाकला. मग मूळ फोटोतली भिंत परत आणली, दोरी आणली, गाठोडीसुद्धा आणली, आणि गळपट्टीच्या कडेने भिंतीचा निळा रंग हलक्या हाताने गडद करीत बसले. सदऱ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही.

"अहो आबा," मावशींना राहवेना, "सदरा सोडून भिंत काय रंगवताय? भिंतीची पंचाहत्तरी नाहीये."

आबा नुसते हसले. छापलेला कागद त्यांनी शिष्येच्या हातात दिला. तिने तो उजेडात धरून पाहिला.

"आबा, सदऱ्याच्या जागी काहीच छापलेलं नाही. कोरा कागद आहे."

"असू दे. चिकटव."

तिने चिकटवला. यंत्र मिटले. ठरलेला वेळ होताच शिट्टी वाजली, ती दचकली, आणि गरम कपावरून तिने जपून कागद सोलला. निळी भिंत लखलखत होती. तिच्यापुढे आजोबा उभे होते, आणि त्यांचा सदरा शुभ्र होता.

मावशींनी कप पदरात धरला. "हं. हे आमचे," त्या म्हणाल्या. "नीळ बरोबर पडलीय."

शिष्या आबांकडे पाहत राहिली. तेव्हा आबा म्हणाले, "सदऱ्याचा पांढरा हा कपाचाच आहे, बाळ. तो पहिल्यापासून तिथे होता. तो दिसेना म्हणून तू घाबरलीस आणि त्याच्यावर रंग चढवत गेलीस. जितका चढवलास तितका तो बुजला. तो हरवला केव्हा? शेजारचं सगळं तू कापून टाकलंस तेव्हा. अगं, ज्या भिंतीपुढे हा माणूस जन्मभर राबला, ती अडगळ कशी होईल? तिच्यामुळेच तर तो उठून दिसतो."

मघाचा कप शिष्येने हळूच मागे सरकवला, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "तोही दे इकडे. हा पाहुण्यांपुढे, तो रोजचा." आणि तिघेही हसले.

आपल्या माणसाचे चांगलेपण दिसेनासे झाले, तर त्याला सुधारायला बसण्याआधी त्याच्या भोवतीचे काय काय आपण पुसून टाकले आहे, ते एकदा पाहावे.