वाया जाणारं वर्ष

त्या राज्यात वानरांची पोरं वयाप्रमाणे झाडावर बसत. एका वयाची एक फांदी. पळस फुलायच्या आत ज्याला वर्ष पुरं होईल, ते पोर यंदा पहिल्या फांदीवर. एका दिवसानं मागे राहिलं, तर पुढच्या पळसाला. पळस फुलला की अख्ख्या फांदीनं एकदम वरच्या फांदीवर उडी घ्यायची. कुणाच्या पायांत किती बळ आलंय, हे बघण्याची पद्धत नव्हती.

पिंगीचा टिकल्या पळस फुलल्यानंतर वर्षाचा होणार होता. तिला घाई नव्हती. पण जाऊबाई गप्प बसतील तर ना!

"अगं, वर्ष वाया जाईल पोराचं! माझा गबरू वर बसेल नि हा तुझ्या पोटाला चिकटलेला. जरा आधीचा जन्म सांग. कोण बघायला येतंय?"

त्या 'वाया' शब्दानं पिंगीच्या जिवाला घोर लागला.

झाडाच्या बुंध्याशी हुप्प्या पहाऱ्याला असे. त्यानं जन्म विचारला, तिनं खोटा सांगितला. शेजारच्या म्हातारीनं टिकल्याचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाकडे नेऊन पाहिला. हात कानाला पुरेना.

"कोवळा आहे गं अजून. घरी ने."

"तिथी बसतेय ना? मग झालं," हुप्प्या म्हणाला. पिंगीला केवढा आनंद झाला!

वर्षभर टिकल्या फांदीला घट्ट धरून बसला. बाकीची पोरं झोके घेत, त्याला 'ढ' म्हणत. संध्याकाळी तो थरथरत कुशीत शिरे, तेव्हा पिंगी म्हणे, "गबरूकडे बघ जरा." म्हणताना त्याला आणखी घट्ट धरायची.

पळस फुलला. एकेक पोर वर झेपावलं. टिकल्या फांदीच्या टोकाशी थबकला.

"थांबवा त्याला!" पिंगी खालून ओरडली. "लहान आहे हो तो!"

"जन्म तुम्हीच सांगितलात की," हुप्प्या म्हणाला.

मागच्या पोरांना वाट हवी होती. टिकल्यानं डोळे मिटून उडी घेतली. त्याच्या मुठीत वरच्या फांदीची चार पानं आली, फांदी आली नाही.

खाली निपचित पडलेल्या टिकल्याला पिंगीनं दुसऱ्या कुणाला उचलू दिलं नाही. चार दिवसांनी रिकाम्या झालेल्या पहिल्या फांदीसाठी नव्या पोरांची रांग लागली, तेव्हा तीही त्याला छातीशी धरून रांगेत उभी राहिली. पुढच्या-मागच्या आया नाक दाबून बाजूला सरकल्या.

"जन्म कधीचा?" हुप्प्यानं मान वर न करता विचारलं.

या खेपेला तिनं खरा सांगितला.

हुप्प्यानं बोटांवर हिशेब केला. "वय भरलं याचं," तो म्हणाला, आणि त्यानं दोघांना वाट करून दिली.