सावरीवरचा हळू ठोका

एका जंगलात एक सुतारपक्षीण राहत असे. एका सकाळी ती ऐनाच्या सालीतल्या मुंग्या टिपत होती, इतक्यात कावळा निरोप घेऊन आला. वाऱ्याचे दिवस येण्याआधी कोणते झाड आतून पोकळ आहे ते ठोकून पाहायचे, असे काम जंगलाने तिच्यावर सोपवले होते. वानरांचा म्होरक्या हुप्प्या याला फार आनंद झाला. त्याने तिला आपल्याच सावरीच्या झाडात ढोली दिली आणि ढोलीजवळच्या फुलांना कोणी हात लावायचा नाही, अशी टोळीला ताकीद दिली. तिथला मध सगळा तिचा.

सुतारपक्षीण कामाची पक्की होती. बुंध्यावर तीन ठोके मारायचे, कान लावायचा आणि निकाल सांगायचा. सात झाडे पोकळ निघाली. पोपट, खारी, घुबडे कुरकुरत दुसरीकडे राहायला गेली. शेवटी सावरीची पाळी आली. वर लेकुरवाळ्या वानरी ऊन खात बसल्या होत्या. "बाई, जरा बेतानं. पोरं निजलीत," हुप्प्या म्हणाला. तिने बेताने ठोकले आणि सावर धडधाकट असल्याचे सांगून टाकले.

घर गमावलेली एक खार हे पाहत होती. "आमच्या झाडावर घण, आणि सावरीवर टिचकी. मध गोड आहे वाटतं?"

मुलांनो, हे बोलणे तिला झोंबले. तिने त्याच दिवशी ढोली सोडली, पलीकडच्या पळसावर बिऱ्हाड केले आणि तिथून येऊन सावरीवर सगळे बळ लावून तीन ठोके मारले. रिकाम्या रांजणासारखा आवाज घुमला.

"आमचा मध पिऊन आमच्याच झाडाला नावं ठेवतेस?" हुप्प्या गुरगुरला.

"मध पीत होते, म्हणूनच ऐकू येत नव्हतं. पोरांना घेऊन आजच उतरा, दादा."

हुप्प्या दात विचकत राहिला. पण एका म्हाताऱ्या वानरीने मुकाट्याने नातवंड उचलले, तशा बाकीच्याही उतरल्या. सगळ्यांत शेवटी, शेपूट उंच करून, हुप्प्या. चौथ्या दिवशी वावटळीत सावर आडवी झाली. तिच्याखाली सापडली ती फक्त फुले. "तिला नेमा म्हणून मीच सुचवलं होतं," असे हुप्प्या आठवडाभर सांगत फिरला.

आता तपासणीच्या दिवसांत ती कोणाचा पाहुणचार घेत नाही, आणि तिने पोकळ म्हटलेले झाड त्याच दिवशी रिकामे होते. एक जुना आंबा तेवढा तपासायचा राहिला आहे. त्यात तिची थोरली बहीण राहत असे. ठोका ऐकायला तिनेच शिकवले होते. बहीण वारल्यापासून तिथली ढोली रिकामीच आहे. त्या आंब्यावर अजून ठोका पडलेला नाही.

तात्पर्य : जिथे जीव गुंततो तिथे ठोका हळू पडतो, म्हणून तपासणाऱ्याने वेगळे राहावे, आणि त्याने सांगितलेले इतरांनी मनावर घ्यावे.