पुढचा धरतो, मागचा पळतो

घाटमाथ्यावरच्या खाचरवाडीत गुणाजी नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा हा शब्द गावाने प्रेमापोटी वापरला. बायको अनुसया दुसरा शब्द वापरायची, पण तो फक्त घरात.

गुणाजीचा गुण एकच. कोणी काही सांगितलं की तो ते तंतोतंत करायचा. एकदा तो एसटीत चढला. कंडक्टर म्हणाला, पुढे सरकत राहा. गुणाजी सरकत राहिला तो थेट ड्रायव्हरच्या मांडीवर. तेव्हापासून त्या रस्त्यावरची एसटी त्याला बघून वेग वाढवायची.

त्यामुळे बहिणीच्या मुलीचं, कुंदाचं, लग्न ठरलं तेव्हा प्रश्न पडला. लग्न कोकणात, माडवेळ गावी, समुद्राकाठी. मामा तर हवाच. मामाने मुलीला मंडपात आणल्याशिवाय लग्न लागतंय कुठे? अनुसया पापड-कुरडयांसाठी आधीच पुढे गेली. जाताना सांगून गेली, "सायकलवर या. वाटेत स्वतःचं डोकं चालवू नका. चार माणसांना विचारा आणि ते सांगतील तसं करा."

गुणाजीला हे सोपं वाटलं. डोकं न चालवण्याची त्याला सवय होती.

सायकल चांगली होती. पुण्याला गेलेल्या चुलत भावाने ठेवलेली, गिअरची, डोंगरात चालणारी. टायर मात्र पार चिरलेले. गुणाजी ती ढकलत तालुक्याला रज्जाकभाईंच्या दुकानात गेला.

रज्जाकभाईंनी विचारलं, रस्ता कसा आहे? गुणाजीने सगळा सांगितला. आधी डांबर, मग घाटातली खडी, मग लाल माती, शेवटी वाळू. रज्जाकभाई म्हणाले की खडी-मातीला जाड नक्षीचा टायर लागतो, डांबराला गुळगुळीत. तुमचा रस्ता मिसळीचा आहे, तेव्हा मधला घ्या.

गुणाजीने भिंतीकडे पाहिलं. टायर ओळीने टांगले होते. त्याने दोन्ही बाजूंनी मोजून नेमका मधला काढला. तो लहान मुलाच्या तीनचाकीचा निघाला.

"हा बसणार नाही," रज्जाकभाई म्हणाले.

"मला कुठे बसायचंय त्याच्यावर? मी सीटवर बसेन," गुणाजी म्हणाला.

रज्जाकभाई घोटभर पाणी प्याले. मग त्यांनी स्वतःच पुढे नक्षीचा टायर घातला आणि मागे गुळगुळीत. समजावून सांगितलं, "पुढचा धरतो, मागचा पळतो. लांबच्या रस्त्याला हीच जोडी बरी."

गुणाजी दुकानाबाहेर आला आणि काळजीत पडला. पुढचा धरून बसला आणि मागचा पळाला, तर मागचा पुढे निघून जाणार. मग मागचा पुढे आणि पुढचा मागे. सगळी जोडीच उलटी व्हायची. त्याने पिशवीतली सुतळी काढली, दोन्ही चाकं एकमेकांना घट्ट बांधली आणि टांग मारली.

तो जागच्या जागी पडला. दारात मिरच्या वाळत घालणाऱ्या एका आजीने त्याला उठवलं. काय केलं ते बघितलं आणि सुतळी कापून टाकली. म्हणाली, "चाकं कधी बांधायची नसतात रे बाबा. चाकं मोकळी सोडायची."

चाकं मोकळी सोडायची. गुणाजीने ते पाठ केलं.

डांबर संपलं आणि घाट लागला. खडीचा उतार, एका बाजूला दरी. गुणाजीने चाकं मोकळी सोडली. ब्रेकला बोटही लावलं नाही. सायकल अशी सुटली की झाडं मागे पळायला लागली. नक्षीच्या टायरने खडी धरली म्हणून दरी चुकली. वळणावरची गवताची गंजी मात्र चुकली नाही.

गंजीतून त्याला म्हसरं चारणाऱ्या धनगराने पायाला धरून ओढून काढलं. धनगर बराच वेळ बोलला, त्यातलं बरंचसं म्हशींसमोर बोलण्यासारखंही नव्हतं. कामाचं एवढंच, की उतारावर ब्रेक दाबून धरायचा आणि अगदी खाली पोचेपर्यंत सोडायचा नाही.

गुणाजीने विचारलं, "अगदी खाली म्हणजे कुठे?"

"आता खाली म्हणजे खाली. समुद्रापर्यंत खालीच आहे सगळं," धनगर म्हणाला.

गुणाजी ब्रेक दाबून निघाला. घाट उतरला. सपाट रस्ता आला, तरी समुद्र काही आला नव्हता. लाल मातीवरून तो ब्रेक दाबून पायडल मारत राहिला. सदरा भिजला, पोटऱ्या दगड झाल्या. शेजारून एक म्हातारा चालत पुढे गेला, त्याच्या मागून त्याची शेळी गेली. मागच्या टायरला जळका वास सुटला. ती रात्र गुणाजीने एका देवळात काढली, आणि सकाळी परत ब्रेक दाबला.

वाटेत चहाच्या टपरीवरच्या बाईने त्याला थांबवलं. टायरला हात लावून पाहिला आणि चटकन मागे घेतला. म्हणाली, सोडा तो ब्रेक, टायर किती तापलाय. त्याला जरा श्वास घेऊ द्या.

हे गुणाजीला पटलं. कालपासून आपण एवढे धापा टाकतोय, टायरने तर एकदाही श्वास घेतला नाही. त्याने दोन्ही टायरांच्या तोंडावरची टोपणं काढून आतली पिन दाबली. टायरांनी लांब श्वास सोडला. गुणाजी शेजारी बसला आणि ते आत कधी घेतात त्याची वाट बघू लागला. दोन कप चहा झाला. टायर काही आत घेईनात.

बाईने मान हलवली. रिकामे टायर घेऊन जाऊ नका, म्हणाली, आधी ते गच्च भरून घ्या. भरायचा पंप मात्र टपरीवर नव्हता. पुढे बघा, तिने सांगितलं.

पुढे समुद्रकिनारा लागला. पंप नव्हता, वाळू मात्र लागेल तेवढी होती. गुणाजीने पिशवीतल्या पान्याने टायर उचकटले आणि गच्च भरले. बोटाने दाबून पाहिले. इतके कडक टायर रज्जाकभाईंच्या दुकानातही नव्हते. फक्त सायकल हलत नव्हती.

ती ढकलत, ओढत तो संध्याकाळी माडवेळच्या ओढ्याशी पोचला. पलीकडच्या काठावर मांडव दिसत होता. बहिणीचे यजमान, दाजी, त्याला शोधायला ओढा ओलांडून अलीकडे आले होते. त्यांनी टायर पाहिले. विचारत बसायला वेळ नव्हता. भरती चढत होती आणि उद्या त्यांच्या मुलीचं लग्न होतं.

"मेहुणे, नीट ऐका," ते म्हणाले. "खांद्यावर घ्यायचं. पाणी लागू द्यायचं नाही. कोणी हाक मारली तरी मध्ये थांबायचं नाही, तळ निसरडा आहे. पलीकडच्या काठावर गेल्यावरच खाली ठेवायचं."

गुणाजीने सायकल खांद्यावर घेतली, वाळूसकट. मांडवातून अनुसयेने हाक मारली, तो थांबला नाही. पलीकडे जाऊन त्याने ती खाली ठेवली. कोरडी. सगळ्या प्रवासात पहिल्यांदाच सांगितलेलं बरोबर जमलं होतं. दाजींनी पाठ थोपटली आणि म्हणाले, "शाब्बास. असंच करत जा."

त्या शाबासकीने गुणाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मात त्याला कोणी असं म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला. नवरा अंतरपाटामागे उभा राहिला. भटजींनी सांगितलं, मामा, मुलीला घेऊन या.

गुणाजी घरात गेला आणि कुंदाला खांद्यावर घेतलं. तो मांडवात आला, पाटाजवळून गेला, अंतरपाटाखालून वाकून गेला, नवऱ्याला ओलांडून गेला. सगळा मांडव हाका मारत होता. गुणाजी हसला, एवढ्यावर थांबणारा तो नव्हता. मांडवातून ओढ्यात, ओढ्यातून पलीकडच्या काठावर. तिथे त्याने भाचीला अलगद खाली ठेवलं. शालूचं टोकही भिजलं नव्हतं.

या काठावरून दाजी ओरडले, "अहो, नवरा इकडे आहे!"

खरंच की. नवरा राहिलाच होता. गुणाजी लगबगीने परत आला, मुंडावळ्या सांभाळत नवऱ्याला खांद्यावर घेतलं आणि पाण्यात उतरला. तोवर दाजी दुसऱ्या बाजूने ओढा ओलांडून पलीकडे पोचले होते. त्यांनी मुलीला उचललं आणि तेही परत निघाले. मधोमध दोघांची गाठ पडली. खांद्यावरून नवऱ्याने नवरीला पाहिलं, नवरीने नवऱ्याला. दाजी म्हणाले, मेहुणे, थांबा. पण मध्ये थांबायचं नाही हे त्यांनीच सांगितलेलं होतं.

गुणाजीने नवऱ्याला पलीकडच्या काठावर ठेवलं. कोरडा. वळून पाहिलं, तर नवरी मांडवाच्या काठावर उभी. भटजी पंचांग धरून मुहूर्त टळतोय म्हणून ओरडत होते.

गुणाजी धोतर खोचून परत ओढ्यात उतरला, भटजींपाशी आला आणि नम्रपणे वाकून उभा राहिला.

"बसा खांद्यावर," तो म्हणाला. "तुम्हाला कुठल्या काठावर ठेवू?"