वेगळा पेला

"मग ती अशी का झालीय, बाबा? आजार तर मी मुळासकट काढलाय."

डॉक्टर राजहंस टेकडी चढून आले होते. अजून धापा टाकत होते. खाली तळ्यावर सकाळचं धुकं तरंगत होतं. गाव त्यात पार बुडालं होतं. नुसता कुठूनतरी एक कोंबडा आरवत होता.

करीमबाबा फकीर आपल्या मठीच्या, तकियाच्या पायरीवर बसले होते. उदाचा धूर धुक्यात मिसळत होता. पलीकडे लिंबाखाली अनसूयाबाई ढगे बसली होती. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिचं कॅन्सरचं ऑपरेशन केलं. रिपोर्ट सगळे स्वच्छ. पण बाई दिवसेंदिवस वाळत चालली होती. घरी कुणाशी बोलत नव्हती. रोज उठून इथं येऊन बसायची. हे डॉक्टरांच्या जिव्हारी लागलं होतं.

"मी काही लपवलं नाही," ते म्हणाले. "तासभर समजावलं. सोळा पानांचं पुस्तक दिलं, मराठीतून."

"छान केलंस, बेटा."

"मग?"

बाबा उठून लिंबाखालच्या माठापाशी गेले.

कबुतरं घुमटावरून उडाली, एक गिरकी घेऊन परत बसली.

अनसूयाबाईनं पिशवीतून आपला पेला काढला. बाबांनी माठातलं पाणी वरून ओतलं. ती अर्धं प्यायली. बाबांनी हात पुढे केला, पेला घेतला आणि ओठांना लावला.

"नको, बाबा!" ती ओरडलीच. "उष्टं आहे माझं... लागण होईल तुम्हाला."

डॉक्टर ताडकन पुढे झाले. "लागण? कॅन्सरची? असं मी कधी म्हटलं?"

"नाही म्हटलं. पण होत नाही, असंही नाही म्हटलं."

"पुस्तकात आहे ते! नवव्या पानावर."

"तिसऱ्या पानावर किती जण दगावतात ते लिहिलंय, साहेब. मी तिथंच मिटलं."

"मग विचारायचं तरी!"

"तुम्ही बोलत होतात..."

ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "तीन वर्षं ताट वेगळं, अंथरूण वेगळं. नात दीड वर्षाची झाली. दारातूनच बघते तिला."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी बाबांच्या हातून पेला घेतला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

अनसूयाबाई त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"म्हणजे... उचलून घेऊ तिला?"

"हे बघा, कॅन्सर म्हणजे पेशींची..."

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

डॉक्टर थांबले.

"घ्या," ते म्हणाले.

ती उठली. पेला तिथंच राहिला. उतारावरून आधी चालत गेली, मग जवळजवळ पळतच. धुक्यानं तिला अलगद आत घेतलं.

डॉक्टरांनी रिकामा पेला माठाशेजारी ठेवला.

"बाबा," डॉक्टरांचा आवाज खाली आला होता, "आज दुपारी अकरा पेशंट यायचेत. त्यांना काय सांगू?"

बाबांनी डोळे मिटून घेतले.

"आधी त्यांचं ऐक. काय सांगायचं, ते तेच सांगतील तुला."